हरीण होतं ना?

ईडन प्रेरी
१५ जानेवारी २०२५

इला,

वर 'चि.' लिहिलं आणि मग कागदच बदलला. सहा वर्षं जिची विचारपूस केली नाही तिला आशीर्वाद कुठल्या तोंडानं द्यायचा? तू वेदला म्हणाली होतीस, आईला लिहायचं असेल तर लिहू दे, मी वाचीन. त्यानं ते मला दिवाळीत सांगितलं. लिहिते, लिहिते म्हणता जानेवारी उजाडला.

शनिवारी बाबांचा सत्कार झाला. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलला पंचवीस वर्षं झाली. तीनशेच्या वर माणसं आली होती. क्युपर्टिनोहून वेदचा व्हिडिओ होता. बाबांना शाल दिली तेव्हा सगळे उभे राहिले. ज्यांच्या हृदयाची ऑपरेशन्स त्यांनी केली त्यांतले कितीतरी जण होते. कुणीतरी माइकवर म्हणालं, "डॉक्टर रेगे म्हणजे आपले इथले महाराज." बाबांनी हसून हात जोडले. त्यांना आवडलं, हे मला कळतं. तू असायला हवी होतीस असं लिहिणार होते. पण तुझं लग्न त्याच हॉलमध्ये होऊ दिलं नाही, आणि मी स्वयंपाकघरात कपबशा पुसत राहिले, हे मी विसरलेले नाही.

हॉलला जाताना वाटेत गाडीला हरणाचा धक्का लागला. उजवीकडचा दिवा फुटला, बाकी काही नाही. थंडीत इथे हरणं रस्त्यावर येतातच. आम्हा दोघांना काही लागलं नाही. सोमवारी गाडी गॅरेजला टाकली.

एक वाईट बातमी आहे. संग्राम म्हणून नागपूरचा मुलगा होता, गेल्या उन्हाळ्यात इथे नोकरीला आला. त्याची ही पहिलीच थंडी. गाडी चालू होईना म्हणून दुकानातून चालत हॉलकडे निघाला होता. रविवारी सकाळी बर्फ काढणाऱ्याला तो तळ्याच्या वळणाशी सापडला. कुणीतरी रात्री उशिरा उडवून गेलं असं पोलिस म्हणतात. त्याची बायको हिमानी त्या संध्याकाळी हॉलमध्येच होती, आमच्या पंगतीत जिलबी वाढत होती. नवरा ऑफिसच्या कामात अडकला असेल असं तिला वाटलं. तिला पाचवा महिना आहे.

बाबा दोन दिवस जेवलेले नाहीत.

कॉम्प्युटरवर तुझं लेक्चर पाहिलं. ग्रीकांच्या जुन्या शोकांतिकांवरचं. तू म्हणालीस, यातला राजा वाईट असता तर बघणं सोपं होतं, तो चांगला असतो म्हणून बघवत नाही. आणि पडतो तेव्हा घरादाराला घेऊन पडतो. हे शिकून ही पोट कसं भरणार, असं आम्ही किती वर्षं म्हणत होतो. त्या वर्गात मुलं श्वास रोखून बसली होती.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आई


२६ जानेवारी

इला,

गेल्या रविवारी हॉलमध्ये शोकसभा झाली. बाबा बोलायला उभे राहिले. कागद नव्हता हातात. म्हणाले, "आपल्या पोराला कुणीतरी जनावरासारखं रस्त्यात टाकून गेलं. तो जो कुणी आहे, आणि ज्याला हे ठाऊक असून जो गप्प आहे, त्या दोघांनाही या हॉलची पायरी चढता येणार नाही. बाहेरचा असो, आपल्यातला असो. माझ्या घरातला असला तरी."

शेवटचं वाक्य आल्यावर लोकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तुझं लग्न आठवलं असणार. समाजाबाहेर लग्न असेल तर हॉल नाही, नियम म्हणजे नियम, माझ्या मुलीलाही तोच, असं बाबा तेव्हा याच जागेवरून म्हणाले होते. मी खाली पाहिलं. आता सगळ्यांना वाटतं की मी तुझ्या आठवणीनं खाली पाहिलं.

सभा संपल्यावर बाबा हिमानीजवळ गेले आणि तिला घरी घेऊन आले. मला विचारलं नाही. "घर मोठं आहे, मुलं गेली, तू आहेस. तिला एकटीला त्या अपार्टमेंटमध्ये ठेवायचं का?" यावर मी काय म्हणणार होते? तिच्या आईवडलांना व्हिसा मिळालेला नाही. तिला ऑफिसवाल्यांनी नागपूरचं तिकीट देऊ केलं होतं. ती म्हणाली, "काका, ज्यानं केलं तो सापडल्याशिवाय मी जाणार नाही." अस्थी तुझ्या खोलीतल्या कपाटात आहेत. ती तुझ्याच खोलीत झोपते.

मला मावशी म्हणते. तिला मेतकूट-भात सोडून काही पोटात ठरत नाही. मी करून देते. परवा जेवताना तिनं बाबांना विचारलं, "काका, तुम्ही रिपोर्ट वाचलात. संग्राम लगेच गेला असेल ना?"

मी म्हटलं, "अगं, जेव आधी."

पण बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "नाही बेटा. थोडा वेळ होता तो."

"कुणी थांबलं असतं तर?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. "मी तिथे असतो तर वाचवला असता. पन्नास वर्षं मी तेवढंच केलं."

मी उठून नळ सोडला आणि भांडी घासत बसले. डिशवॉशर रिकामा होता.

तुला एक विचारायचं होतं. त्या नाटकांत राजाच्या बायका असतात, त्यांना आधी कळतं का गं? सहज विचारते आहे.

आई


१६ फेब्रुवारी

इला,

तुझं कार्ड आलं. पत्रपेटीशीच उभी राहून वाचलं, हातमोजे काढून. दोनच ओळी, पण तुझं अक्षर पाहिलं किती दिवसांनी. तू लिहितेस, काही जणींना राजाच्या आधी कळतं, आणि त्या त्याला सांगतात, आता विचारणं थांबवा.

आणि खाली एवढंच: 'आई, हरीण कुठे लागलं होतं?'

ते सांगते. आधी इकडचं सांगू दे.

बाबांनी या प्रकरणात जीव ओतलाय. पोलिसांच्या डिटेक्टिव्हला आठवड्यातून दोनदा फोन करतात. तो इथे आला होता, उंच, शांत मुलगा आहे. त्याला वळणावरच्या बर्फात काचेचे तुकडे सापडलेत, गाडीच्या दिव्याचे. ते कुठल्या मॉडेलचे हे शोधायला पाठवलेत. बाबा लगेच म्हणाले, "हॉलला येणाऱ्या सगळ्यांच्या गाड्या तपासा. पहिली माझी." तो हसला. बाबांवर कोण संशय घेणार? मी त्याला कॉफी दिली. त्यानं मला विचारलं, "मॅम, त्या संध्याकाळी तुम्हाला रस्त्यात काही दिसलं का?" मी नाही म्हटलं.

तो गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "अहो, तुम्ही नका यात पडू. वय झालंय. पोलिस आहेत ना."

"शुभा, तुला त्या मुलीचा चेहरा दिसत नाही का?"

"दिसतो म्हणूनच म्हणते. सोडा आता. तिला जाऊ दे तिच्या घरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला. त्यांचे डोळे गेलेत, इला. हे तुम्हा मुलांना आम्ही सांगितलं नव्हतं. समोरचं, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं संध्याकाळनंतर गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, मी स्वतः डॉक्टर आहे, मला माझं कळतं. तेव्हापासून मी शेजारी बसून सांगते. सिग्नल लाल आहे, आता डावीकडे, समोर सायकल आहे. लोकांना वाटतं, शुभाताईंना गाडीत गप्पच बसवत नाही.

गाडीत तेवढं मी बोलते.

हिमानीला नवऱ्याच्या व्हिसावर इथे राहता येत होतं. तो गेला तसा तिचा हक्कही गेला. बाबांनी वकील लावलाय, पण मार्चअखेरपर्यंत तिला निघावं लागेल. तिचं पोट दिसायला लागलंय. काल माझा हात धरून पोटावर ठेवला, "मावशी, बघा, लाथ मारतंय." मी हात काढून घेतला. थंड आहे म्हणून, असं म्हटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. पुढच्या पत्रात.

आई


३ मार्च

इला,

आता उत्तर देते. हरीण तळ्याच्या वळणाशी लागलं. आणि ते हरीण नव्हतं.

काल रविवार. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. डिटेक्टिव्हचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला, हिमानीलाही ऐकू यावं म्हणून. तो म्हणाला, संग्रामच्या मनगटावरच्या घड्याळातून वेळ निघाली. रात्रीची नाही, संध्याकाळची, अंधार पडता पडताची. आपलं हरीण संध्याकाळचं, म्हणून बाबांना आजवर त्याची शंकाच आली नव्हती. आणि काच कुठल्या गाडीची हे कळलंय. त्यानं मॉडेल सांगितलं.

बाबा म्हणाले, "आपलीच आहे की ती." अगदी सहज म्हणाले, जसं एखाद्याच्या गावाचं नाव निघावं आणि आपण म्हणावं, आमचंही तेच.

मग त्यांनी फोन बंद केला. पोळीचा तुकडा हातात होता, तो ताटात ठेवला. हिमानी माझ्या वाटीत ताक ओतत होती.

"शुभा," ते म्हणाले, "हरीण होतं ना?"

मी हो म्हणायला हवं होतं किंवा नाही म्हणायला हवं होतं. मी ताकाकडे बघत राहिले. हिमानीनं भांडं खाली ठेवलं. तिचा आवाज अगदी हळू आला, "मावशी?"

त्या एका शब्दाला मी जे उत्तर दिलं नाही, त्यावरून दोघांनाही सगळं कळलं.

आता तुला ते लिहिते जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. तिथे मी नुसतं लिहिलं की हरणाचा धक्का लागला. हरीण हा शब्द बाबांचा नाही. माझा.

आम्हाला उशीर झाला होता. मी मॅचिंग ब्लाउज शोधत बसले होते म्हणून. वळणावर उजव्या बाजूनं एक माणूस चालत होता, हातात दुकानाची पिशवी. मी सांगणार होते, जरा डावीकडे घ्या. त्याच क्षणी वेदचा मेसेज आला, व्हिडिओ मिळाला का, आणि मी फोनकडे पाहिलं. वर पाहिलं तेव्हा तो माझ्या खिडकीच्या पुढ्यात होता आणि त्यानं वळून पाहिलं होतं. मी त्याचं तोंड पाहिलं. मग आवाज झाला.

बाबांनी ब्रेक मारला. गाडी थांबली होती, इला. पूर्ण थांबली होती. ते म्हणाले, "काय होतं? शुभा, काय होतं?" त्यांना खरंच दिसलं नव्हतं. सीटबेल्ट सोडायला त्यांचा हात गेला होता.

आणि मी म्हटलं, "हरीण. पळालं ते. चला."

मनात काय होतं, ते मी रोज स्वतःला विचारते. तीनशे माणसं वाट बघताहेत, हे होतं. यांचे डोळे आता सगळ्यांना कळतील, लायसन्स जाईल, पेपरात येईल, हे होतं. संग्रामबद्दल काही नव्हतं. तेव्हा मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यानंच माझ्या हातातली तांदळाची पिशवी गाडीपर्यंत आणून दिली होती, तरी मी नाव विचारलं नव्हतं.

मला वाटलं मागून कुणीतरी येईल आणि थांबेल. कुणी आलंही असेल. बर्फ पडत होता.

हॉलमध्ये बाबांच्या खांद्यावर शाल घालताना मी टाळ्या वाजवल्या. हिमानीनं मला दोनदा जिलबी वाढली.

आई


९ मार्च

इला,

तू फोन केलास आणि मी उचलला नाही, म्हणून रागावली असशील. वाजत होता तेव्हा मी त्याच्यासमोरच बसले होते. लिहिता येतं तेवढं मला बोलता येत नाही.

बाबांनी त्याच दुपारी पोलिसांना स्वतः फोन केला. हिमानी तोवर कोट घालून दारात उभी होती. तिची मैत्रीण शिवांगी तिला न्यायला आली. हिमानीनं अस्थींचा कलश ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता. बाबा तिच्या पाया पडायला वाकले. ती मागे सरकली आणि म्हणाली, "काका, तुम्ही नका. तुम्हाला माहीत नव्हतं." माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

पोलिसांना बाबांनी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांनी बजावल्याचं. फक्त एक खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा असावं. म्हणाले, "बायको झोपली होती. तिनं काही पाहिलं नाही."

मी शेजारच्या खुर्चीत होते. डिटेक्टिव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा गप्प बसले.

वेद दुसऱ्या दिवशी आला. तो बाबांवर ओरडला. तुझ्या भावाला कधी ओरडताना ऐकलंयस का तू? "बाबा, व्हॉट डिड यू डू? लॉयर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नव्हता! तुम्हाला वाटलं हरीण होतं, हाच तर डिफेन्स आहे!"

बाबा म्हणाले, "डिफेन्स कशाचा? मला दिसत नव्हतं आणि मी गाडी हाकत होतो."

"आणि आई? आईला नाही दिसलं?"

"ती झोपली होती."

वेद माझ्याकडे वळला. तो लहानपणापासून माझा चेहरा वाचतो. तसाच बाहेर गेला आणि बर्फात नुसता शर्टावर उभा राहिला. रात्रीच्या विमानानं परत गेला. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनीही बातमी वाचलीय. त्याच्या आर्यला शाळेत मुलं विचारतात, तुझ्या आजोबांनी मर्डर केला का?

आज रविवार. बाबा म्हणाले, हॉलला जाऊ. शिवांगीच्या नवऱ्यानं गाडीतून नेलं, तेवढी माणुसकी दाखवली. बाबा पार्किंगमध्ये उतरले आणि पायऱ्यांच्या अलीकडेच थांबले. आतून लोक आले. कुणी म्हणालं, "डॉक्टर, आत या, थंडी आहे." बाबा म्हणाले, "मीच सांगितलं होतं ना, पायरी चढायची नाही. घरातला असला तरी. मी तर स्वतःच." मग अध्यक्षपद सोडल्याचं सांगितलं, तिथेच, उघड्यावर. कानटोपी काढून हातात धरली होती.

ज्यांनी शाल घातली होती ते बुटांकडे बघत होते. एक बाई रडल्या. कुणीतरी मागून म्हणालं, एवढा मोठा माणूस. तुझ्या नाटकांत अशी माणसं असतात ना, घोळका करून उभी राहतात, राजा चढला तरी बोलतात आणि पडला तरी बोलतात. मी नेहमी त्यांच्यातलीच एक होते. आज मला त्यांच्यात उभं राहायलाही जागा नव्हती, मी गाडीत बसून होते.

बाबांनी सांगितलेला नियम दोघांसाठी होता. जो उडवून गेला, आणि ज्याला ठाऊक असून जो गप्प आहे. बाबांनी आपला अर्धा पाळला.

आई


३० मार्च

इला,

मी सांगून आले.

शिवांगीनं कळवलं की हिमानी मंगळवारी निघतेय. म्हणून सोमवारी मी टॅक्सी बोलावली आणि पोलिस स्टेशनला गेले. बाबांना सांगितलं नाही. डिटेक्टिव्हला म्हटलं, मी झोपले नव्हते. माणूस पाहिला. हरीण मी म्हणाले. तुम्हालाही खोटं सांगितलं. माझं इंग्रजी एवढी वर्षं इथे राहून बरं आहे, पण त्या दिवशी व्याकरण सगळं कोसळलं. तो लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅम, पाणी हवंय?"

तिथून शिवांगीकडे गेले. हिमानी बॅग भरत होती. मी दारातूनच सांगितलं, कारण आत बोलावणार नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "त्यांनी थांबवली होती गाडी. मी चला म्हटलं."

ती लहान मुलांची टोपी घडी करत होती, मी विणलेली. ती तिनं बॅगेबाहेर ठेवली. "मावशी, तुम्ही मला रोज जेवायला वाढत होतात," ती म्हणाली. "रोज."

मी पायऱ्या उतरले. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही होत नाही, हे मी तुला लिहून ठेवते.

घरी आले तर डिटेक्टिव्हचा फोन येऊन गेला होता. बाबा खिडकीशी बसले होते, डोकं जरा तिरकं करून, तसं केलं की त्यांना झाड दिसतं.

"कशाला गेलीस? मी सांगितलं होतं ना, झोपली होती म्हणून."

"खोटं होतं ते."

"माहीत आहे मला." त्यांनी डोकं आणखी तिरकं केलं. मग म्हणाले, "त्या दिवसापासून विचार करतोय, हिनं मला खरं का नाही सांगितलं. एक शब्द सांगितला असता तर मी उतरलो असतो. माझी बॅग डिकीत होती. आणि मग आठवायला लागलो, आपल्या घरात तू कधी काय म्हणालीस आणि मी ते ऐकलं. इलाच्या लग्नाच्या वेळी तू काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतंस. मी हात वर केला. आठवतं?"

मला आठवत होतं.

"तुझी बोलायची सवय मी मोडली. म्हणून म्हटलं, झोपली होती. त्यात फार खोटं नव्हतं."

मी म्हटलं, "अहो, तसं नका म्हणू. तोंड माझं होतं."

बाबांनी माझ्यासाठी शोधलेली ती सबब होती, इला, आणि ती घ्यायचा मला किती मोह झाला हे तुला काय सांगू. अजून होतो.

आई


२२ जून

इला,

कोर्टात तू मागच्या बाकावर होतीस. मी पाहिलं. बाबांना दिसणार नव्हतं म्हणून मी कानात सांगितलं, इला आलीय. ते म्हणाले, "एकटी?" मी म्हटलं, "पीटर आहे बरोबर." तर म्हणाले, "त्याला नीट बसायला जागा मिळालीय ना?" इतकी वर्षं त्याचं नाव या घरात घेतलं नव्हतं.

बाबांनी सगळा आरोप कबूल केला, वेदच्या वकिलाचं ऐकलं नाही. वर्षभराचा तुरुंग. त्यांच्या वयात. तू पुढे येऊन त्यांचा हात हातात घेतलास, आणि त्यांनी तुझं तोंड चाचपून पाहिलं, दिसत नाही म्हणून. मी बाजूला उभी होते. माझ्याशी तू बोलली नाहीस. मी वाट बघत होते, पण अपेक्षा नव्हती.

माझ्यावर कायद्यानं फारसं काही आलं नाही. पोलिसांना खोटं सांगितल्याबद्दल ताकीद, काही तासांची समाजसेवा. शेजारी बसलेल्याचा गुन्हा होत नाही म्हणे. हे ऐकल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, अगदी खांदे खाली आले. मग बाबांना नेताना पाहिलं.

घर विकायला काढलंय. वेद फोन करतो, कामापुरतं बोलतो. हॉलच्या रस्त्यानं मी जात नाही.

काल सकाळी नागपूरचा नंबर आला. हिमानी होती. मुलगी झालीय, दोन आठवडे झाले. मागे बाळ कुरकुरत होतं. मी विचारलं, "बरी आहेस ना?"

म्हणाली, "मी माफ वगैरे करायला फोन नाही केला. एक विचारायचं आहे. संग्रामला शेवटचं तुम्ही पाहिलंत. दुसरं कुणीच नाही. मी त्या दिवशी सकाळी पाहिलं, तेव्हा तो दाढी करत होता, तोंडाला फेस होता. मला त्याचं तोंड नीट आठवतच नाही आता. तुम्ही सांगा. कसा दिसत होता?"

मी म्हटलं, "हिमानी, ते ऐकून तुला—"

"तुम्ही ठरवू नका. सांगा."

मग मी सांगितलं. निळं जॅकेट होतं, टोपी मागे सरकली होती. केसांवर बर्फ पडला होता. पिशवी जड असावी, कारण त्यानं ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गाडीचा उजेड पडल्यावर त्यानं मान वळवली. घाबरलेला नव्हता. कुणीतरी ओळखीचं, हॉलला जाणारं असेल, आपल्याला घेईल, असं त्याला वाटलं असावं. कारण तो हसला होता, इला. हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं, बाबांना नाही, तुलाही आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्यानं रिकामा हात वर केला होता, थांबा म्हणून, आणि तो हसत होता.

हिमानी ऐकत होती. बाळ रडून गप्प झालं तरी ती ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "कुठल्या बाजूला पाहून हसला?"

"माझ्याकडे."

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्याचं ऐकू आलं.

मग ती म्हणाली, "उद्या पुन्हा सांगाल? याच वेळेला?"

मी हो म्हटलं.

आई